सायकल चालते, मग पाय का चालत नाहीत?

आमचे नाना, म्हणजे माझे आजोबा, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीसुद्धा रोज सकाळी सायकलवरून दूध आणायला जायचे. जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर. पण घरापासून हाकेच्या अंतरावरच्या मारुतीच्या देवळात चालत जायचं म्हटलं की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. शंभर-दीडशे पावलं झाली की पोटऱ्या भरून यायच्या, मांड्यांत मुंग्या यायच्या, पाय जड व्हायचे. मग वाटेतल्या किराणा दुकानाच्या पायरीवर टेकायचं. दोन-तीन मिनिटांत सगळं ठीक. उठायचं, पुन्हा शंभर पावलं, पुन्हा कुठला तरी कट्टा.

घरात कुणालाच ते खरं वाटत नव्हतं. “अहो, सायकल दामटता तेव्हा पाय दुखत नाहीत, आणि देवळाचं नाव काढलं की दुखतात?” आजी म्हणायची. पुढे पुढे नाना देवळात जातानाही सायकल बरोबर न्यायला लागले. तिच्यावर बसायचे नाहीत, हँडलवर वाकून नुसती ढकलत चालायचे. आम्ही नातवंडं त्यावरून त्यांना चिडवायचो.

गुडघ्यांना तेल झालं, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, कंबरेचा पट्टा झाला. दवाखान्यातल्या टेबलावर आडवं करून तपासलं की सगळं व्यवस्थित निघायचं. पायांत ताकद होती, गुडघे वयाच्या मानाने बरे होते. “वय झालं आता,” असं ऐकून ते परत यायचे.

दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी त्यांना वेगळेच प्रश्न विचारले. “दुखायला लागल्यावर नुसतं उभं राहिलं तर थांबतं, की बसावंच लागतं?” बसावं लागतं, किंवा वाकावं लागतं. “आणि सायकल चालवता का?” नाना गडबडले. इथेही तोच आरोप होणार असं त्यांना वाटलं. खाली बघत म्हणाले, “सायकल चालवतो. तेव्हा काही होत नाही.” डॉक्टर म्हणाले, “हेच विचारायचं होतं.”

ज्या गोष्टीमुळे नाना घरात खोटे पडत होते, तीच त्यांच्या आजाराची खूण होती. ही खूण ओळखायला वैद्यकशास्त्राला शंभर-सव्वाशे वर्षं लागली. नंतर हातात भारी यंत्रं आली तेव्हा ती जवळजवळ विसरलीही गेली. त्याचीच ही गोष्ट.

नळी, नसा आणि घोड्याचं शेपूट

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची एक कमान असते. या कमानी एकाखाली एक आल्या की आतून एक लांब नळी तयार होते. मेंदूकडून येणारा मज्जारज्जू या नळीतून खाली उतरतो आणि साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली उरतो तो पायांकडे, मूत्राशयाकडे, गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसांचा झुपका. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसला, म्हणून त्याचं लॅटिन नावही तेच पडलं, ‘कॉडा इक्वायना’.

वय वाढतं तशी मणक्यांमधली गादी चपटी होऊन मागे फुगते, मागचे छोटे सांधे जाड होतात, कमानींना जोडणारा पिवळट बंधही जाड होतो. तिन्ही बाजूंनी नळीतली जागा कमी होत जाते. काही जणांची नळी जन्मापासूनच अरुंद असते. त्यांना थोडीशी झीजही पुरते. या अरुंद होण्याला म्हणतात ‘स्पायनल स्टेनोसिस’. आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य सगळ्या कंबरदुखीला सरसकट चिकटवलं जातं. इथे तर बरोबर उलटं असतं. हवी ती गॅप उरलेलीच नसते.

आता सायकलचं कोडं. आपण ताठ उभे राहतो तेव्हा कंबरेला मागे बाक येतो, पिवळा बंध घडी पडून आत येतो आणि नळी आणखी आवळते. पुढे वाकलं की तोच बंध ताणला जातो आणि नळी मोकळी होते. सायकलवर माणूस वाकलेला असतो. दुकानाच्या पायरीवर बसला तरी वाकलेला असतो. मॉलमधली ट्रॉली ढकलतानाही वाकलेला असतो. म्हणून अशा माणसाला सायकल जमते, चढ जमतो, पण सपाट रस्त्यावर ताठ चालणं जमत नाही. उतारावर तर आणखी त्रास, कारण उतरताना शरीर मागे झुकतं.

आधी घोडी, मग माणूस

या आजाराच्या इतिहासात पहिला रुग्ण येतो तो चारपायी. १८३१ साली बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने गाडीला जुंपल्या जाणाऱ्या एका घोडीबद्दल लिहिलं. ती थोडं चालली की लंगडायची, थांबली की ठीक व्हायची. तिच्या मागच्या पायांच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. १८५८ मध्ये पॅरिसचे प्रसिद्ध डॉक्टर शार्को यांनी माणसात हाच प्रकार दाखवला. चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून पाय दुखतात. थांबलं की मागणी कमी होते, दुखणं थांबतं. ‘थांबत थांबत लंगडणं’ या अर्थाचं ‘इंटरमिटंट क्लॉडिकेशन’ हे नाव तेव्हापासून रुळलं.

पण काही रुग्ण या चौकटीत बसेनात. त्यांच्या पावलांची नाडी उत्तम लागत होती, तरी चालताना पाय साथ सोडत होते. पॅरिसमधलेच देजेरीन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितलं की हे लंगडणं पायाच्या रक्तवाहिन्यांचं नसून मज्जारज्जूचं आहे. मज्जारज्जूलाच रक्त कमी पडत असावं, असा त्यांचा तर्क होता. जागा बरोबर पकडली होती. पण हाडाची नळीच अरुंद असेल, हे तेव्हा चर्चेत नव्हतं.

खरं तर अरुंद नळी लोकांनी पाहिलेली होती. अंत्वान पोर्ताल या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८०३ मध्येच वाकड्या कण्यांमध्ये ती आवळलेली असल्याची नोंद केली होती. १९०० साली सॅक्स आणि फ्रॅन्केल या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका ४८ वर्षांच्या माणसाची हकिकत छापली. त्याच्या मणक्यांच्या कमानी काढल्यावर त्याला आराम पडला होता. १९११ मध्ये बेली आणि कॅसामेजर यांनी मणक्यांच्या झिजेमुळे नसा दबतात असं लिहिलं. म्हणजे एकाच्या हाती नळी होती, दुसऱ्याच्या हाती लंगडणं. दोन्हीची सांगड घालून तिला नाव देणारं कुणी नव्हतं.

त्यात १९३४ साल उजाडलं. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं की पायात जाणाऱ्या कळांचं, म्हणजे सायटिकाचं, कारण अनेकदा मणक्यांमधली सरकलेली गादी असते. त्याआधी असा तुकडा सापडला की सर्जन त्याला कूर्चेची गाठ समजत. शोध मोठा होता, पण त्याचा दुष्परिणामही मोठा झाला. पुढची वीस वर्षं ज्याचा त्याचा पाय दुखला की सर्जन गादीच शोधू लागले. ‘स्लिप डिस्क’ हा शब्द आपल्या गावागावात पोचला तो याच शोधातून.

उट्रेख्तचे सात रुग्ण

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात हेंक व्हर्बीस्ट (१९०९–१९९७) नावाचे न्यूरोसर्जन होते. त्यांच्याकडे असे काही रुग्ण आले की चालताना आणि उभं राहिल्यावर पाय दुखायचे, बधिर व्हायचे, आणि आडवं झालं की सगळं नाहीसं व्हायचं. झोपवून तपासलं की जवळजवळ काहीच सापडायचं नाही. थोडक्यात, आमच्या नानांसारखे.

व्हर्बीस्ट यांनी ऑपरेशन केलं तेव्हा गादी सरकलेली नव्हती, गाठ नव्हती. अरुंद होती ती नळीच. कमानी काढून जागा मोकळी केली आणि रुग्ण चालू लागले. १९४९ मध्ये फ्रेंचमध्ये आणि त्यानंतर डचमध्ये त्यांनी हे मांडलं. जगाचं लक्ष गेलं ते १९५४ मध्ये, ब्रिटनच्या हाडांच्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात त्यांनी सात रुग्णांवर इंग्रजी लेख लिहिला तेव्हा. सात म्हणजे आजच्या हिशेबात काहीच नाही. पण त्या लेखात लंगडणं आणि नळी पहिल्यांदा एकाच वाक्यात आली.

व्हर्बीस्ट इथे थांबले नाहीत. ऑपरेशन चालू असतानाच नळी आतून मोजण्यासाठी त्यांनी स्वतःचं उपकरण बनवलं. नळीचं पुढून मागचं अंतर १० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती खरोखरच अरुंद, १० ते १२ च्या मध्ये असेल तर काठावरची, असं माप त्यांनी दिलं. एवढ्याशा मिलिमीटरांवर माणसाचं देवळापर्यंत चालणं अवलंबून असतं.

सायकलही याच सुमाराला या गोष्टीत येते, आणि तीही सायकलींच्या देशातूनच. व्हॅन गेल्डरेन या डॉक्टरांनी १९४८ मध्ये कंबरेच्या बाकाशी आणि जाड झालेल्या बंधाशी या दुखण्याचा संबंध जोडला होता. १९७७ मध्ये डिक आणि डॉयल या सर्जनांनी त्यांच्याच नावाने ‘सायकल चाचणी’ मांडली. रुग्णाला जागेवरच्या सायकलवर आधी ताठ बसवायचं, मग वाकून चालवायला सांगायचं. ताठ असताना दुखलं आणि वाकल्यावर थांबलं, तर दोष नळीत. रक्तवाहिनी तुंबलेली असेल तर वाकून काही फरक पडत नाही, कारण पॅडल मारायला रक्त तेवढंच लागतं. म्हणूनच नानांना विचारलेला पहिला प्रश्नही महत्त्वाचा होता. रक्तवाहिनीच्या दुखण्यात नुसतं उभं राहिलं तरी भागतं. नळीच्या दुखण्यात बसावं किंवा वाकावं लागतं.

खसखशीच्या तेलापासून एमआरआयपर्यंत

व्हर्बीस्ट यांच्या काळात नळी बघायची कशी? साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसतं, नसा दिसत नाहीत. १९२१ च्या सुमारास सिकार आणि फोरेस्टिए या फ्रेंच डॉक्टरांनी आयोडीन मिसळलेलं खसखशीचं तेल पाठीत सोडून एक्स-रे काढायला सुरुवात केली. टेबल तिरकं केलं की तेल घरंगळत जायचं आणि जिथे अडथळा असेल तिथे अडायचं. अडथळा समजायचा, पण तेल आत राहून जायचं आणि काहींच्या नसांभोवतीच्या आवरणाला सूज आणायचं. पाण्यात विरघळणारी औषधं रुळली ती १९७० च्या दशकात.

त्याच दशकात सीटी स्कॅन आला. पहिल्या रुग्णाचा स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झाला, तो मेंदूचा. काही वर्षांत कण्याचेही आडवे काप दिसू लागले. काकडीची चकती कापून बघावी तशी नळी दिसायला लागली. कुणाची गोल, कुणाची त्रिकोणी, कुणाची बेलाच्या पानासारखी तीन पाळ्यांची. ही तिसरी सगळ्यात दगाबाज, कारण कोपऱ्यांतल्या नसांना तिथे जागाच कमी. १९८० च्या दशकात एमआरआय आला आणि सुई न टोचता नसासुद्धा दिसू लागल्या.

आता सगळं सोपं व्हायला हवं होतं. १९९० साली अमेरिकेत स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. कंबरदुखी, सायटिका किंवा चालताना पाय दुखणं यांपैकी काहीही कधीच न झालेल्या ६७ जणांचा एमआरआय काढला. साठीच्या पुढच्यांपैकी ५७ टक्के लोकांच्या चित्रात काही ना काही दोष निघाला. २१ टक्क्यांची तर नळी अरुंद होती. ही ठणठणीत माणसं होती.

म्हणजे चित्र खोटं नव्हतं, पण चित्र म्हणजे आजार नव्हे. एकीकडे चित्र नव्हतं तेव्हा नानांसारख्यांवर विश्वास बसत नव्हता. दुसरीकडे चित्र आल्यावर काहीही होत नसलेल्या माणसाला रुग्ण ठरवण्याची सोय झाली. आज आपल्या घरात एमआरआयचा रिपोर्ट येतो, आपण त्यातला ‘सिव्हिअर’ हा शब्द वाचतो, गुगल करतो आणि रात्रभर जागतो. पण किती पावलांवर दुखतं आणि कसं थांबतं, हे रिपोर्टात कुठेच लिहिलेलं नसतं.

विहिरीचं पाणी

न विचारलेल्या प्रश्नाची आणखी एक गोष्ट आपल्या देशातली आहे. तत्कालीन मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात कणा बांबूसारखा ताठ झालेले आणि हातापायांतली ताकद गमावलेले लोक होते. १९३७ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं मूळ पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडमध्ये असल्याचं दाखवलं. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं की हाडं जाड होतात, बंधांत कॅल्शियम साचून ते हाडासारखे कडक होतात आणि नळी आतून बुजत जाते. आपल्याकडे यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत फ्लोराइडचा प्रश्न आहेच. स्कॅनमध्ये अरुंद नळी दिसेल, पण ती कशामुळे झाली हे समजायला एकच प्रश्न लागतो. “पाणी कुठलं पिता?” आणि तिथे सर्जनच्या आधी चांगल्या पाण्याची गरज असते.

किती कापायचं?

उपचारांचा इतिहासही असाच लंबकासारखा हलत राहिला. व्हर्बीस्ट यांच्या पद्धतीत मागची कमानच काढून टाकत, तिला ‘लॅमिनेक्टॉमी’ म्हणतात. पुढे दुर्बिणीच्या मदतीने कमान राखून, छोट्या खिडकीतून जागा मोकळी करण्याची पद्धत आली. त्याच वेळी उलट दिशेनेही प्रवाह सुरू झाला. जागा मोकळी केल्यावर मणका डगमगेल या भीतीने स्क्रू आणि सळ्या घालून मणके एकमेकांना जोडायचे, म्हणजे ‘फ्यूजन’.

अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदी तपासून रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की २००२ ते २००७ या पाच वर्षांत गुंतागुंतीच्या फ्यूजनचं प्रमाण १५ पट वाढलं. जिवावर बेतणारी गुंतागुंत नुसती जागा मोकळी करण्यात २.३ टक्के, तर मोठ्या फ्यूजनमध्ये ५.६ टक्के होती. पाच वर्षांत माणसांचे कणे तर पंधरा पट बिघडले नव्हते.

२०१६ मध्ये स्वीडनच्या सर्जनांनी २४७ रुग्णांचा अभ्यास छापला. काहींची फक्त जागा मोकळी केली, काहींचं फ्यूजनही केलं. दोन्ही गटांच्या चालण्यात आणि त्रासात फरक दिसला नाही. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या ६६ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात, मणका थोडा पुढे सरकलेल्यांना फ्यूजनचा किंचित फायदा दिसला. मग २०२१ मध्ये नॉर्वेतल्या २६७ जणांच्या अभ्यासात, मणका सरकलेल्यांतही साधं ऑपरेशन कमी ठरलं नाही. काही जणांना फ्यूजन लागतंच. पण ‘का लागतं’ हे विचारण्याचा हक्क रुग्णाला या आकड्यांनी दिला.

आणि मुळात ऑपरेशन हवंच का? २०१५ मध्ये छापलेल्या १६९ जणांच्या अभ्यासात ऑपरेशन आणि व्यायामाचे उपचार दोन वर्षांनी सारखेच उतरले. अर्थात व्यायामाच्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलं, हेही लक्षात ठेवायला हवं. पाठीतल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांवरचा ४०० जणांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. नुसत्या भूल देणाऱ्या औषधापेक्षा स्टिरॉइडने फारसा जास्त फायदा झाला नव्हता. म्हणजे अनेकांना थांबून, व्यायाम करून बघायला वेळ असतो.

काहींना मात्र तो नसतो. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आणि नळी मानेत अरुंद झाली असेल तर खूण आणखी वेगळी. सदऱ्याची बटणं लागेनाशी होतात, अक्षर बिघडतं, चालताना तोल जातो. हेही ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

किराणा दुकानाची पायरी

नानांचा एमआरआय झाला. नळी दोन ठिकाणी आवळलेली होती. डॉक्टरांनी फिल्म आमच्यासमोर धरली, पण आधीच सांगितलं, “हे मला त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं होतं. हे फक्त किती आणि कुठे, एवढ्यासाठी.” वर्षभर व्यायाम केला, थोडा फरक पडला. मग पावलं शंभराची पन्नास झाली तेव्हा नानांनी स्वतःच ऑपरेशनचं ठरवलं. फक्त जागा मोकळी करायचं, स्क्रू नाहीत. कंबर अधूनमधून दुखतच राहिली, ती दुखेल असं त्यांना आधी सांगितलेलंही होतं. पण तीन महिन्यांनी ते आजीबरोबर देवळात चालत गेले, सायकल घरी ठेवून.

वाटेत किराणा दुकानापाशी आजी थांबली. पायरीकडे बघत म्हणाली, “अहो, म्हणजे तुम्हाला खरंच दुखत होतं.” नाना काही बोलले नाहीत.

मला ते वाक्य अजून टोचतं, कारण त्यात मीही होतो. घरातलं मोठं माणूस वाटेत तिसऱ्यांदा टेकायला लागलं, की आपण फोन काढून वेळ बघतो. त्याऐवजी तीन गोष्टी विचारता येतात. किती चाललं की दुखतं? उभं राहून थांबतं की बसावं लागतं? आणि वाकून सायकल किंवा ट्रॉली ढकलली तर बरं वाटतं का? उत्तरं डॉक्टरांकडे घेऊन जा, फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवून. उट्रेख्तच्या त्या सात जणांचं दुखणंही आधी त्यांच्या बोलण्यातच सापडलं होतं.